बोटीवरचा नवरा आणि सव्वा मूठ गहू

शहाद्याला बदलीवर जाताना मी सामानात नऊ नंबरचे पुरुषी बूट नेले होते. बाबा सात नंबरची चप्पल घालतात आणि माझं लग्न झालेलं नाही, तेव्हा ते बूट घालणारं कोणी आमच्या घरात नव्हतं. भाड्याच्या घराच्या दारात ठेवायला म्हणून मी ते चिपळूणच्या बाजारात मुद्दाम विकत घेतले. आत एखादा दांडगा पुरुष आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, एवढाच त्यांचा उपयोग.

आता वर्षभर राहून गुहागरला परत आल्यावर लोक विचारतात, कसा आहे तो मुलूख? विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना नंदुरबार जिल्हा नकाशावर दाखवता येणार नाही. बदलीचा कागद हातात पडेपर्यंत मलाही येत नव्हता. म्हणून हे लिहिते आहे. मी एका सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. खातं कोणतं ते सांगत नाही, कोण वाचेल त्याचा नेम नाही. स्वभावाने मी संशयी आहे. दूधवाल्याचं माप, डॉक्टरचं हसू, शेजारणीची विचारपूस, सगळ्याकडे मी दोनदा बघते. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यातलं काय त्या गावाचं आणि काय माझ्या डोळ्यांचं, ते वाचणाऱ्यांनी आपापलं ठरवावं.

तापी ओलांडून

दुबईला, जर्मनीला राहायला गेलेल्या लोकांची वर्णनं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांना निदान विमानात बसतानाच माहीत असतं की आपण परदेशी निघालोय. मला महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात परदेश मिळाला. नंदुरबारला रेल्वेतून उतरलो तेव्हा फलाटावर तीन भाषा कानावर पडल्या. त्यातली गुजराती ओळखू आली, हिंदी समजली, आणि तिसरी मराठीसारखी वाटूनही हाताला लागेना.

शहाद्याच्या एस.टी.त बाबांना खिडकी दिली. वाटेत प्रकाशा म्हणून गाव लागतं, तिथे तापीचा पूल आहे. नदी आमच्या खाडीएवढी रुंद, पण भरती नाही, ओहोटी नाही, वास नाही. बाबा पाण्याकडे बघत राहिले. पलीकडे केळी आणि पपईची शेतं लागली, मैलोन् मैल एका रेषेत लावलेली, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी ओळ. जून महिना होता आणि हवा भट्टीतून आल्यासारखी तोंडावर येत होती. बाबा एवढंच म्हणाले, "वारा आहे, पण खारा नाही."

बाबांना सोबत आणण्यावाचून इलाज नव्हता. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. शेजारचे वसंतकाका त्यांच्याबरोबर असायचे, तेही बदलीच्या आदल्या वर्षी वारले. भाऊ मस्कतला असतो. नारळी-पोफळीच्या आगरात शहात्तर वर्षांच्या माणसाला एकटं ठेवून मी सहाशे किलोमीटरवर जाणार नव्हते. आगर कुलपात आणि बाबा माझ्याबरोबर, असं ठरलं.

शहादा, पहिला आठवडा

घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर मिळालं. सामान उतरवत असतानाच समोरच्या ओट्यावरून दोन बायका बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "एकलीच शे वाटस. संगे डोकरा बाप शे." मला त्यातलं 'एकली' तेवढं कळलं आणि तेवढं पुरेसं होतं. मी तिथल्या तिथे पिशवीतून बूट काढले आणि दारात ठेवले.

संध्याकाळी त्यांतली एक वाटी घेऊन आली. साठीची, ठेंगणी, डोक्यावरून पदर. ह्या इंदूबाई. त्यांच्या यजमानांना सगळी गल्ली आबा म्हणते, पपईची शेती आहे, मुलगा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात. हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं आणि मग विचारायला सुरुवात केली.

"तुमना घरमा माणसे कितला शेतस?"

माणसे म्हणजे पुरुष, हे त्यांच्या दाराकडे बघण्यावरून कळलं. घरात पुरुष किती, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी कोणी का विचारावा? मी म्हणाले, "तीन. बाबा, भाऊ आणि मालक."

"लगीन व्हयेल शे का मंग?"

"झालंय. बोटीवर असतात. आज-उद्या येतील."

"नाव काय?"

तयारी एवढी केली होती, बूट आणले होते, पण नाव ठरवायचं राहून गेलं होतं. येताना वाटेत लागलेली पाटी डोळ्यांपुढे आली. "प्रकाश," मी म्हणाले.

"प्रकाशा?" इंदूबाई हसल्या. "ते तं गाव शे, माय."

वाटीत शेवभाजी होती, वर बोटभर लाल तेल. मी ती ठेवून घेतली, दार लावलं आणि नळ सोडून मोरीत ओतून दिली. अनोळखी घरचं पहिल्या दिवशी खायचं नाही, हा माझा नियम आहे. बाबा माझ्याकडे बघत होते.

पुढचे पंधरा दिवस प्रश्नांचे गेले. आडनाव, गाव, कुलदैवत, आमच्यात भाऊबंद किती, बाबांच्या वडलांचं नाव काय. भाजीवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना माझा नवरा बोटीवर असल्याचं माहीत झालं होतं. "मालकना फोन उना का?" असं कोणीही वाटेत थांबवून विचारायचं. आमच्याकडे माणूस मेला तरी लोक आधी हवापाण्याचं बोलतात. इथे माणसं सरळ घरात शिरतात, आणि पायातलं काढून अदबीने शिरतात, त्यामुळे ओरडताही येत नाही.

भाषेचं कोडं एका केळीवाल्याने सोडवलं. तो म्हणाला, "केयं ल्या ना ताई." म्हणजे केळं. अहिराणीत ळ चा य होतो. डोळा तो डोया, शाळा ती शाया, डाळ ती दाय. ही किल्ली मिळाल्यावर निम्मं बोलणं उलगडलं, आणि उरलेल्या निम्म्यात माझ्याबद्दल काय बोलतात याचा संशय दुप्पट झाला.

झाकलेलं ताट

या सगळ्यात बाबा जेवेनासे झाले. मी साडेनऊला ऑफिसला निघताना ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून ठेवत असे. भात, कोकमाची कढी, कधी घरून आणलेली सुकी मासळी. संध्याकाळी झाकण उचललं की जसंच्या तसं. रात्री मी समोर बसून जेवू घालायची. दोन घास खायचे आणि हात धुवायला उठायचे. "भूक नाही गो." गालफडं आत गेली, सदरा खांद्यावरून उतरायला लागला. डॉक्टरने रक्त तपासलं, छाती तपासली, आणि या वयात जागा बदलली की असं होतं, म्हणून सांगितलं. किती दिवस चालायचं असं, ते सांगितलं नाही.

मी मनातून फार घाबरले होते. आईच्या वेळी उशीर केला होता, आता बाबांना या कोरड्या मुलखात आणून मारते आहे की काय असं वाटायचं. जुलैत मी विनंती बदलीचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वडिलांची प्रकृती सतत खालावत असल्याने.' सोबत डॉक्टरचा दाखला जोडला.

अर्ज गेला आणि दहा-बारा दिवसांत ताट रिकामं सापडायला लागलं. रिकामं, घासलेलं, उपडं घातलेलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण बाबांनी आयुष्यात कधी ताट घासलं नव्हतं. रात्री ते अजूनही दोनच घास खात होते, तरी गालांवर मांस चढत होतं. एकदा त्यांच्या सदऱ्याला लसणाच्या फोडणीचा वास आला. मी त्या दिवशी फोडणी केली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "बाहेरून येत असेल."

एका बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि साडेबाराला गल्लीत शिरले. आमचं दार बाहेरून ओढून घेतलेलं. समोर इंदूबाईंचं दार उघडं होतं. आत जमिनीवर आबा, शेजारचे दोन शेतकरी आणि बाबा, असे चौघे एका भल्या मोठ्या परातीभोवती बसले होते. परातीत बट्ट्या कुस्करून वर दाळ ओतलेली. बाबा कोपरापर्यंत हात माखून खात होते आणि मधून काहीतरी सांगत होते. बाकीचे तिघे हसत होते. गोठ्यात आबांची गाय माझा कढी-भात चाटून-पुसून खात होती.

मी आत गेले नाही. तशीच वळून ऑफिसला गेले आणि ती अर्धी रजा रद्द करून घेतली. मला राग आला होता. माझ्या हातचं गाईला आणि लोकांच्या परातीत जेवण. राग ओसरल्यावर दुसराच विचार आला. ही माणसं एका अनोळखी म्हाताऱ्याला रोज फुकट का जेवू घालतील? आणि मग मला आमचं आगर आठवलं. समुद्रापासून दोनशे पावलांवर. गेल्या पाच वर्षांत तिथे किती गाड्या येऊन थांबल्या आणि किती गोड बोलणारी माणसं जमीन मागायला त्यांतून उतरली, ते मला ठाऊक होतं.

म्हसावदचा बाजार

श्रावण लागल्यावर आबा एक दिवस बाबांना न्यायला आले. "म्हसावदले जाई ऱ्हायनूत. नारय लेवाना शे." नारळ घ्यायला शहादा सोडून म्हसावदला कशाला? मी म्हणाले, मीही येते. आबांनी जीपची मागची सीट झटकून दिली.

रस्ता सातपुड्याच्या दिशेने जातो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच पपईच्या बागा, फळं कागदात गुंडाळलेली. डोंगर जवळ येत गेले तशी हवा जरा नरम झाली. बाजारात डोंगरातल्या पावरा बायका रानभाज्यांचे लहान लहान वाटे मांडून बसल्या होत्या. त्यांची भाषा आबांनाही धड येत नव्हती. बोटांनी आणि मानेने व्यवहार चालला होता. मला बरं वाटलं, इथे सगळेच परके होते.

नारळवाल्याकडे बाबा उकिडवे बसले. एकेक नारळ कानाशी धरून हलवला, नखाने टिचकी मारली, डोळे तपासले. वीस-पंचवीस नारळ बाजूला टाकले. नारळवाला वैतागला तेव्हा आबा त्याला म्हणाले, "पाहू दे त्यास्ले. दर्यावरना माणूस शे."

शेवटी एक निवडला. बाबांनी तो दोन्ही हातांनी आबांना दिला आणि आबांनी फेट्याच्या टोकात गुंडाळला. एका नारळाचं एवढं काय? मी विचारलं, तर आबा म्हणाले, "घरना जुना नारय तडकी ग्या." बाबा मान डोलावत होते, जणू त्यांना सगळं माहीत होतं. ते दोघं पुढे बसून परत येईपर्यंत बोलत होते, बाबा गुहागरी मराठीत, आबा अहिराणीत. मागे बसून मी कान देऊन ऐकलं. दोनदा 'आगर' हा शब्द आला.

कागद

त्या शनिवारी सकाळी बाबांचा सदरा धुवायला टाकताना खिशात वहीचं पान सापडलं. आबांचं बाळबोध अक्षर. वर बाबांचं पूर्ण नाव. खाली त्यांच्या वडलांचं, आजोबांचं. मग मस्कतच्या भावाचं. त्याखाली कुळ, कुलदैवत, गाव. आमच्या घराण्यातले सगळे पुरुष वारसाच्या क्रमाने.

मी सात-बारा आणि वारसनोंदी रोज हाताळणाऱ्या बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसते. असं पान कशासाठी लागतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बाबा घरात नव्हते. पायात चप्पल होती तशीच मी गल्ली ओलांडली आणि इंदूबाईंच्या उंबऱ्यातून आत गेले.

"हे काय आहे?" मी कागद पुढे धरला. "बाबांची सही घेतलीत का कशावर?"

घर सारवलेलं होतं. भिंतीशी पाट मांडला होता आणि त्यावर म्हसावदचा नारळ होता. त्याला नथ घातलेली, कपाळाला कुंकू, भोवती कोरी साडी. खाली इंदूबाई आणि त्यांची सून न्हालेल्या केसांनी सुपापुढे बसल्या होत्या. आबा आणि बाबा एका बाजूला पाय दुमडून. सगळे माझ्या चपलांकडे बघत होते.

इंदूबाईंच्या मुठीत गहू होते. त्या काही रागावल्या नाहीत. मूठ तशीच धरून त्यांनी मला विचारलं, "तुन्हा बापले कोणी काही करं का माय?"

आबांनी सांगितलं ते असं. उद्या कानबाई, इथली घरोघरची देवी, नारळाच्या रूपात बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून दळतात. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला घास द्यायचा नाही, उरले तर जमिनीत पुरायचे, पण बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. आबांचा सख्खा भाऊ दोन वर्षांमागे गेला, त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या नावाची मूठ तेव्हापासून बंद झाली होती.

"यंदा माले भाऊ मियना," आबा बाबांकडे बघून म्हणाले. "मूठ नावनी ऱ्हास. नाव, बापनं नाव, कुय, बठ्ठं सांगनं पडस. म्हणीसन लिखी लिधं."

पहिल्या दिवशीचा तो प्रश्न, घरात माणसे किती, तो हा होता. या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की बायका आधी ते विचारतात, कारण श्रावणात कोणाच्या घरी किती दळायचं ते पुरुषांवर ठरतं. माझ्या बुटांशी त्याचा काही संबंध नव्हता. मी चपला काढून हातात घेतल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. लाजेने मला वर बघवेना.

आतून इंदूबाईंचा आवाज आला. बाबांचं नाव, मग सव्वा मूठ. भावाचं नाव, मग सव्वा मूठ. भावाचा मस्कतहून सहा महिन्यांत फोन नव्हता. मग सगळं थांबलं. प्रकाशचं नाव घेतलं नाही कोणी.

रोट

रविवारी गल्लीत ढोल होता, बायकांच्या फुगड्या होत्या, रात्रभर जागरण झालं. सोमवारी सकाळी कानबाईला मिरवत गोमाई नदीवर नेलं. मी मागून चालत होते. परत आल्यावर भाऊबंद जेवायला बसले. रोट, गंगाफळाची म्हणजे तांबड्या भोपळ्याची भाजी, खीर. बाबा आबांच्या शेजारी, पितांबर नेसून. मी दाराबाहेर उभी होते.

इंदूबाई बाहेर आल्या. "तुले चालस नही माय," त्या हळूच म्हणाल्या. "लगीन व्हयेल पोर दुसरा घरनी. कुवारी ऱ्हातीस तं बापना संगे बसतीस."

चव्वेचाळीस वर्षांत लग्न न झाल्याबद्दल मी काय काय ऐकलंय त्याची यादी मोठी आहे. पण लग्न झालंय म्हणून कोणी मला बाहेर ठेवलं, असं पहिल्यांदाच होत होतं, आणि तेही मीच सांगितलेल्या लग्नामुळे. आत बाबांनी पहिला घास मोडला होता. किती महिन्यांनी मी त्यांना असं जेवताना समोरून बघत होते. मला त्यांच्या शेजारी बसायचं होतं. दुसरं काही नको होतं.

"माझं लग्न झालेलं नाही," मी म्हणाले. "प्रकाश कोणी नाही."

इंदूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "माहीत शे," त्या म्हणाल्या. "तुन्हा बापनी पयलाच महिनामा सांगं. बूट बी कोराज शेतस. पण तुन्हा तोंडथीन उनं नही, तं आम्ही कशा बसाडूत?"

त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला. रोट जाड, गव्हाचा, किंचित गोड, तुपात भिजलेला. बाबांनी माझ्याकडे न बघता स्वतःच्या ताटातली भाजी माझ्या ताटात सरकवली, लहानपणी करत तशी. मी डोळे पुसले, ते आबांनी पाहिलं आणि सुनेला उगाच पाणी आणायला सांगितलं.

त्या रात्री मी बाबांना विचारलं, माझ्या हातचं काय वाईट होतं?

"वाईट काही नव्हतं. दुपारी घरात कोणी नसायचं. मी एकटा कधी जेवलोय का? तुझी आई होती, मग वसंता होता." मग ते म्हणाले, "आणि रात्री तू जेवत नव्हतीस, पहारा करत होतीस. घास मोजणाऱ्यासमोर घास उतरत नाही गो."

मे

यानंतर मी सुधारले, असं लिहिता आलं असतं. थोडीफार सुधारलेही. बूट आबांच्या गड्याला देऊन टाकले. इंदूबाईंची शेवभाजी घाम पुसत खायला शिकले. दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीत धावत येऊन परातीच्या कडेला बसायला लागले. पण दार लावताना कडी दोनदा ओढून बघायचं सुटलं नाही. गल्लीत कोणी हळू बोललं की कान टवकारायचं सुटलं नाही. मला कायम आपण कोणाच्या तरी नजरेखाली आहोत असंच वाटत राहिलं. जुलैतला अर्ज वर पडून होता. तो मागे घ्यायला एक ओळ पुरली असती. ती मी लिहिली नाही.

मेमध्ये आदेश आला. नियुक्ती चिपळूण. मी कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश, ओठ हलवत वाचला. दंड भरलेले, चेहरा उन्हाने तांबूस झालेला. सकाळीच ते आबांबरोबर पपईला पाणी सोडून आले होते.

"'वडिलांची प्रकृती सतत खालावत असल्याने,'" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि वर बघितलं. "हे कोणाचे वडील?"

मी म्हणाले, "तेव्हा तुम्ही जेवत नव्हता."

"तेव्हा." त्यांनी कागदाची घडी घातली. "तुला जायचंय तर जाऊया. मी कुठे नको म्हणालो? पण तुझं नाव घालायचं होतंस."

ते खरं होतं. मला तिथून निघायचं होतं आणि मी ते बाबांच्या अंगावर ढकललं होतं. आठ दिवसांनी आम्ही निघालो. इंदूबाईंनी बट्ट्या बांधून दिल्या. आबा स्टँडवर आले, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले आणि शेवटी मलाच विचारलं, "तठे दुपारले यास्ना संगे कोण शे?"

मी म्हणाले, "आहेत सगळे." बाबा दुसरीकडे बघत होते.

कोणी नाही. मी सातच्या गाडीने चिपळूणला जाते आणि अंधार पडताना परतते. गुहागरात आमच्या आजूबाजूची तीन घरं आता बंद आहेत. पण बाबा बारीक झालेले नाहीत. संध्याकाळी ताट रिकामं असतं, आणि घासलेलंही. मला अर्थातच संशय आला. गेल्या महिन्यात मी एक दिवस रजा टाकली, सातला निघाल्यासारखं दाखवलं आणि बाराच्या सुमारास मागच्या दाराने आत येऊन माजघरात उभी राहिले.

साडेबाराला फोन वाजला. बाबांनी तो स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला आणि जेवायला बसले. मी श्वास रोखून ऐकत राहिले, काय बोलतात, माझ्याबद्दल काही म्हणतात का. फोनमधून परातीचा आवाज येत होता, आबा भुरके मारत होते, एकदा गाय हंबरली. दोघं काहीच बोलत नव्हते. नुसतं जेवत होते.